अळणी ताटाची तक्रार

पुरुषोत्तमदादा मेश्राम गोल्फ खेळतात ही बातमी किवींच्या देशातल्या आमच्या मनुरेवा उपनगरात पसरली, तेव्हा आमच्या विहारातल्या अर्ध्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे तुच्छतेनं पाहिलं. माझ्या बायकोनं पाहिलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आठवड्यातून तीनदा दादा सकाळी डिकीत काठ्यांची पिशवी टाकून निघायचे आणि दुपारी दमून परत यायचे. "खेळून आलो," म्हणायचे. मला मनातून रागच यायचा. नागपूरच्या इंदोरा वस्तीत लहानाचा मोठा झालेला माणूस, आणि इथे गोऱ्यांच्या पंगतीत बसून चेंडूला टोले मारतो! आमच्या विहारातला गणेश शिकवा म्हणून त्यांच्या मागे पण लागला होता. दादा म्हणायचे, "तुझी कंबर अजून तयार नाही."

ते गोल्फ नव्हतं, डायलिसिस होतं. दादांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. हॉस्पिटलच्या खुर्चीत चार-पाच तास बसायचं, यंत्रातून रक्त धुऊन घ्यायचं आणि घरी यायचं. डायलिसिससाठी हातात तयार केलेल्या जाड शिरेत जी नर्स सुई टोचायची, ती माझी बायको कल्याणी.

मला हे माहीत नव्हतं. ती दोन वर्षं कल्याणीबरोबर एका छताखाली राहून, एका ताटलीतून भजी खाऊन, मला माहीत नव्हतं. घरी आल्यावर कल्याणी वॉर्डाबद्दल एकच वाक्य बोलायची: "आज पाय दुखतायत."

दादांनी हे का लपवलं? मला आपल्या लोकांच्या या सवयीचा मनस्वी संताप आहे. चोरी लपवावी तसा आपण आजार लपवतो. पण दादांची गोष्ट थोडी निराळी होती. आमच्यातले ते इथे सगळ्यात आधी आलेले. त्यांच्या गॅरेजात एक गादी कायम अंथरलेली असायची, आणि विमानातून उतरलेलं आमचं प्रत्येक कुटुंब आधी त्या गादीवर झोपलेलं आहे. मी झोपलोय. माझी पोरगी सुरभी त्या गादीवर पहिल्यांदा रांगली. ज्यानं जन्मभर दुसऱ्याला दिलं त्याला हात पसरायची लाज वाटते. किंवा अहंकार म्हणा. मी तर अहंकारच म्हणतो.

आणि एक सवय दादांनीच आम्हाला लावली होती. कुणी अन्याय केला तर भांडायचं नाही, रडायचं नाही, अर्ज करायचा. "शिवी हवेत जाते," दादा म्हणायचे, "अर्जाला आवक नंबर मिळतो." माझ्या बस डेपोतल्या सुपरवायझरविरुद्धचा अर्ज त्यांनीच लिहून दिला, आणि मला माझी पाळी परत मिळाली. घरमालकांविरुद्ध, शाळेविरुद्ध, मोबाईल कंपनीविरुद्ध, आमच्या विहारातून इतके अर्ज गेले असतील की त्या त्या ऑफिसात आमची आडनावं न अडखळता म्हणता येत असतील. दादांना राग आला की त्यांचा हात आधी पेनाकडे जातो. हे ध्यानात ठेवा.

तर, दोन हजार सहा सालचा एप्रिल. बाबासाहेबांच्या जयंतीचं जेवण. दादांना प्रत्येकाने आग्रह केला आणि दादांनी एकालाही नाही म्हटलं नाही. आमटीच्या वाट्या रिचवल्या, ताक प्यायले, वर आइस्क्रीम. ज्याची किडनी चालत नाही त्याच्या अंगात ते मीठ आणि ते पाणी जाणार कुठे? छातीत साचलं. दुसऱ्या दिवशी अँब्युलन्सने नेलं. ड्युटीवर कल्याणीच होती. हे सगळं मला पुढे कळलं. त्या संध्याकाळी ती घरी आली आणि म्हणाली, "आज पाय दुखतायत."

मग मे महिन्यात वैशाख पौर्णिमा आली. इथे तेव्हा गारठा सुरू होतो. कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, हॉल भाड्याने घेतला होता, आणि स्वयंपाकघर कल्याणीच्या ताब्यात होतं. तिनं शंभर माणसांची आमटी केली, भरीत केलं, बटाट्याची भाजी केली. आणि एका कोपऱ्यात एक छोटं पातेलं. त्यात मिठाचा कण नाही. बटाटे चिरून पाण्यात भिजवलेले, ते पाणी फेकून पुन्हा दुसऱ्या पाण्यात उकडलेले. दादा बसले तसं तिनं स्वतः त्यांचं ताट वाढलं. एक शब्द बोलली नाही. दादांनी घास घेतला, तिच्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून जेवू लागले.

सगळं निभावलं असतं. पण श्यामला आली ताकाचा जग घेऊन.

श्यामला ढोकेची मनुरेवात डेअरी आहे. इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. दूध, ब्रेड, लॉलीपॉप मिळतं, पण मुख्य माल बातम्यांचा.

"घ्या दादा, अजून एक ग्लास."

दादांचा हात पुढे झाला. सवय! कल्याणीनं मधल्यामधे ग्लास काढून घेतला. "दादांना नको."

"काहून नको? तू काय आई आहे का त्यांची?"

"नको म्हटलं ना श्यामलाताई."

श्यामलानं ताटाकडे पाहिलं. मग त्या बाईनं काय करावं? दुसऱ्याच्या आमटीत सरळ बोट बुडवून चाटलं. तिचा चेहरा बदलला. नागपुरात तिचे सासरे तीन वर्षं डायलिसिसवर होते, आणि तीन वर्षं हेच जेवण तिनं रांधलं होतं.

"अळणी!" ती म्हणाली. मग बटाटा चिमटीत धरून दाबला. "दोनदा उकडलेला. पाणी पण मोजून... बाप्पा! दादा, तुमची किडनी गेली?"

हळू बोलणं श्यामलाला जमत नाही. शंभर माणसं घास हातात धरून थांबली. दादांनी शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली, उठले, हात धुतले आणि निघून गेले. मागून त्यांच्या बायको अनुराधावहिनी गेल्या.

"मी काय वाईट बोलली?" श्यामला विचारत होती. "मला तर काळजी वाटून राहिली ना!"

त्याच आठवड्यात दादांनी अर्ज केला. कल्याणीविरुद्ध.

त्यांची इंग्रजी म्हणजे धारदार. तक्रारीतलं एक वाक्य मला पाठ आहे: "या परिचारिकेने तोंडाने काहीही सांगितले नाही, तिने ताटाने सांगितले." वॉर्डात कळलेली गोष्ट तिनं वॉर्डाबाहेर वापरली, दादांना न विचारता वापरली, आणि त्यामुळे त्यांचा आजार चव्हाट्यावर आला. एवढीच तक्रार. ती एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात आणि तिथून नर्सिंग कौन्सिलच्या चौकशी समितीकडे गेली. हॉस्पिटलनं चौकशी संपेपर्यंत कल्याणीची पाळी बदलली, म्हणजे दादांचा आणि तिचा सामना होऊ नये.

मी पेटलो. "मी जातो आणि त्या माणसाची गचांडी धरतो!"

"कोणत्या माणसाची?" कल्याणी म्हणाली.

"दादांची!"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"अगं अख्ख्या मनुरेवाला नाव माहीत आहे!"

"त्यांना माहीत असेल. मी सांगितलेलं नाही."

सुरभी सोफ्यावरून म्हणाली, "मम, इट्स मेश्राम अंकल. एव्हरीवन नोज."

"कोण मेश्राम अंकल?" कल्याणी म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. नळ चालू होता आणि ती नुसती उभी होती. "त्यांचा मुद्दा बरोबर आहे हो," ती म्हणाली. "आणि तो बरोबर आहे म्हणूनच भीती वाटते." एकोणिसाव्या वर्षी ती वॉर्डात उभी राहिली ती अजून उभी आहे. इथे आल्यावर परीक्षा पुन्हा दिल्या, इंग्रजीची परीक्षा वेगळी दिली, वर्षभर वृद्धाश्रमात आया म्हणून काम केलं, तेव्हा कुठे तिचं नाव इथल्या नर्सच्या रजिस्टरात चढलं. ते नाव खोडलं तर ही बाई कोण राहील, हे मला सुचेना. तिलाही सुचत नव्हतं.

युनियननं एक वकीलबाई दिली. तिचं नाव हिने, माओरी नाव आहे. धिप्पाड, हसरी, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. "किआ ओरा," असा माओरी नमस्कार करत आत आली, दोन कप चहा प्यायली, आणि मग तिनं आम्हाला जे समजावलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो.

"दोन दारं आहेत," हिने म्हणाली. "पहिलं दार पेशंटच्या खाजगी माहितीचं. तिथे विचारतात, माहिती बाहेर गेली का, आणि ज्याची होती त्याला त्रास झाला का. हे दार पेशंटचं. त्याचं समाधान झालं की तो ते लावून घेऊ शकतो. दुसरं दार नर्सच्या शिस्तीचं. तिथे विचारतात, ही बाई उद्या दुसऱ्या कुणाच्या उशाशी उभी राहायला लायक आहे का? ते दार पेशंटचं नाही. या देशात जो जो आजारी पडणार आहे त्या सगळ्यांचं आहे. एकदा उघडलं की तक्रार करणाऱ्यालाही लावता येत नाही."

"आणि तिनं बचाव कसा करायचा?" मी विचारलं. "पेशंटबद्दल बोलायचं नाही म्हणता. मग ताट अळणी का केलं ते सांगायचं कसं?"

"समितीसमोर बोलू शकते. तेवढी सूट कायद्यात आहे. माझ्याशी पण बोलू शकते, मी तिची वकील आहे." हिनेनं माझ्याकडे गोड हसून पाहिलं. "तुझ्यासमोर नाही."

मला चहाचा कप देऊन बाहेर काढलं. माझ्याच घरातून! मी पावसात गॅरेजच्या वळचणीला उभा राहून चहा प्यायलो.

इकडे हे चाललेलं, तिकडे दादांच्या घरी वेगळीच गंमत सुरू झाली होती.

पहिली गेली श्यामला. रविवारी दुकान बंद ठेवून. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या घरी डबा न घेता गेली. दादांनी दार उघडलं नाही, तर ही बाई लेटरबॉक्सजवळ उभी राहून ओरडायला लागली. "दादा, माझी घ्या! दोन आहेत, एक घ्या! जिभेनं नुकसान केलं, किडनीनं भरते!" समोरच्या सामोअन कुटुंबानं पडदे सारले. दादांनी दार उघडलं ते तिला गप्प करायला.

मग गणेश गेला. मग टौरंगाहून प्रणय आला. किवी फळांच्या पॅकिंगचा ऐन हंगाम होता, तरी सुट्टी काढून गाडी हाणत आला. "दादा, तुमच्या गॅरेजात मी चार महिने झोपलो. भाडं घेतलं नाही तुम्ही. आता घ्या." मग आमचे रमणकाका, पंचाहत्तरीला टेकलेले, काठी टेकत आले. "माझी घे बाबा. एकदम नवी आहे. मी जन्मभर पाणीच कमी पीत आलो, तिला काम पडलेलं नाही." अनुराधावहिनी म्हणाल्या, काका, तुमची आधी आपण तपासू, ती चालते का बघू. काका रुसले.

मी पण गेलो. खोटं कशाला सांगू, भांडायला गेलो होतो. वाटेत गाडीत वाक्यं जुळवली होती. माझ्या बायकोनं तुमचा जीव वाचवला आणि तुम्ही तिच्या पोटावर पाय दिलात, वगैरे. दार उघडं होतं. दादा खुर्चीत बसले होते, आणि बाही कोपरावर सरकवलेली होती. मी पहिल्यांदा तो हात पाहिला. दोरखंडासारखी फुगलेली शीर, तिच्यावर सुयांचे डाग. आणि तीन ताज्या, निळ्याजांभळ्या जखमा.

"हे काय?"

"नवीन पोरगा आहे सुई टोचायला," दादा म्हणाले. "बिचारा चांगला आहे. पण त्याला शीर सापडत नाही. कल्याणीची सुई कळायची पण नाही."

मी तोंड उघडलं. "दादा, तुम्ही माझ्या बायकोला... तुमचा ब्लड ग्रुप काय?"

दादा हसायला लागले. असे हसले की अनुराधावहिनी आतून धावत आल्या. हसता हसता माणूस रडायला लागला. "मला घेता येत नाही रे रवी. देता येतं. घेणं कुणी शिकवलंच नाही."

"मी शिकवते," वहिनी म्हणाल्या. "दोन वर्षं त्या मेल्या काठ्या पुसून ठेवतेय मी. एक दिवस तरी चेंडूला लागल्या का? उद्यापासून त्या डिकीतून बाहेर. आणि त्या पोरीविरुद्धचा अर्ज मागे घ्या आधी."

दादांनी पेन काढलं. तक्रार मागे घेतो, माझं समाधान झालं आहे, असा कडक अर्ज लिहिला. उत्तर आलं. खाजगी माहितीचं प्रकरण तुमच्या इच्छेनुसार मिटवलं आहे. नर्सच्या वर्तनाची चौकशी मात्र चालू राहील, कारण ती तुमच्या समाधानावर अवलंबून नाही. हिनेनं सांगितलेलं दुसरं दार. दादांच्या अर्जाला आवक नंबर मिळाला, पण काम झालं नाही, असं पहिल्यांदा घडलं. माणूस दोन दिवस जेवला नाही.

समितीनं सप्टेंबरात बोलावलं. तिघे जण होते. दोन अनुभवी नर्स, त्यांतली एक अध्यक्ष, आणि एक बाहेरचे गृहस्थ, निवृत्त हेडमास्तर. टेबलावर पाण्याचा जग आणि बिस्किटं. मला आत बसायची परवानगी दादांनी लिहून दिली होती: माझ्या आजाराबद्दल रवींद्र गजभिये यांच्यासमोर बोलायला माझी हरकत नाही. म्हणजे स्वतःच्या बायकोच्या चौकशीला बसायला मला दुसऱ्याच्या किडनीची परवानगी लागली. कायदा म्हणतात तो हा. हसू नका, मला तेव्हा अजिबात हसू येत नव्हतं. कल्याणीचे हात मांडीवर होते आणि ती अंगठीच्या बोटाची कातडी सोलत होती.

दादा अर्ध्या बाहीचा शर्ट घालून आले होते. बाहेर कडाक्याचा वारा, आणि हा माणूस हात उघडे टाकून! त्यांना बोलायला सांगितलं तसे उभे राहिले.

"मला एक दुरुस्ती करायची आहे," दादा म्हणाले. "माझ्या तक्रारीत चूक झाली आहे. सिस्टर गजभिये यांना वेगळं ताट करायला मीच सांगितलं होतं. माझी परवानगी होती. रागाच्या भरात मी ते लिहायचं विसरलो."

हिने ताठ बसली. एवढं एक वाक्य टिकलं असतं तर प्रकरण तिथेच संपत होतं. परवानगी होती म्हणजे गुन्हा नाही. मी मनात म्हणालो, जय भीम दादा, शाब्बास! अध्यक्षबाईंनी कल्याणीकडे वळून विचारलं, "असं झालं होतं का?"

मी तिला टेबलाखालून पायानं ढोसलं. हो म्हण. नुसती मान हलव.

"नाही," कल्याणी म्हणाली.

दादा म्हणाले, "कल्याणी, तू बस."

"दादा, तुम्ही बसा." ती मराठीत बोलली, आणि मग इंग्रजीत तिघांना म्हणाली, "मेश्रामसाहेब मला वाचवायला बघतायत. त्यांनी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. एक वाक्य विचारायचं होतं, ते राहिलं. मला वाटलं, मी काही बोलले नाही म्हणजे मी गुपित राखलं. पण आमच्यात ताट बोलतं. वेगळं ताट कुणाला आणि का वाढतात, हे आमची प्रत्येक बाई वाचू शकते. हे मला माहीत असायला हवं होतं. मी पण त्यांच्यातलीच आहे."

मी डोळे मिटले. संपलं. माझ्या बायकोनं स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव खोडलं.

दुसरी नर्स बारीक चणीची होती, चष्म्यातून बघणारी. ती म्हणाली, "ही गोष्ट गोड झाली. लोक किडन्या द्यायला धावले. पण समजा हा आजार दुसरा असता. समजा लोकांनी त्याला वाळीत टाकलं असतं, नोकरी गेली असती, तर?"

कल्याणी म्हणाली, "तर मी आज तुमच्यासमोर मान वर करून बसू शकले नसते. जे चांगलं झालं ते आमच्या लोकांनी केलं. मी नाही."

"पुढच्या वेळी काय कराल?"

"आधी विचारीन. वॉर्डात, दार लावून."

"आणि पेशंट नाही म्हणाला? आग्रहाचं जेवण समोर आहे, आणि तो खाणार हे तुम्हाला दिसतंय?"

हिनेनं कागदात डोकं घातलं. कल्याणीनं छताकडे पाहिलं. मग एकदम, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "सगळ्यांचंच अळणी करीन."

"म्हणजे?"

"शंभर माणसांचं. सगळी आमटी बिनमिठाची. मीठ वाटीत, टेबलावर. ज्याला हवं त्यानं घ्यावं. कोण घेत नाही आणि का घेत नाही, ते कुणाला कळायचं नाही."

हेडमास्तर इतका वेळ एक अक्षर बोलले नव्हते. "आणि लोक खातील ते?"

"शिव्या देत खातील," कल्याणी म्हणाली.

हेडमास्तर खो खो हसले. अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांचेही ओठ दाबलेले होते. "खोटं बोलायची संधी तुम्हाला आयती दिली होती," त्या कल्याणीला म्हणाल्या. "आम्ही ते पाहिलं." दादांकडे वळून म्हणाल्या, "आणि साहेब, तुमचं पण पाहिलं." दादांनी शाळेतल्या पोरासारखी मान खाली घातली.

निर्णय यायला काही आठवडे लागले. त्या दिवशी मी ड्युटीवरून आलो तर कल्याणी घरासमोर उभी, पायात सुरभीच्या जँडल्स, हातात उघडं पाकीट. तिचा चेहरा बघून काही कळेना. आजाऱ्यांसमोर उभं राहून राहून तिचा चेहरा काही सांगायचं विसरलाय.

"बोल ना!"

"पुढे खटला नाही. माहितीच्या गुप्ततेचा एक कोर्स करायचा. काही महिने एका सीनियर नर्सबरोबर बसून बोलायचं." तिनं पाकीट माझ्या हातात दिलं. "नाव राहिलं हो. नाव तसंच राहिलं."

मी तिला उचललं. कंबर माझीही अजून तयार नाही हे खरं, पण उचललं. शेजारचा टोंगन म्हातारा कुंपणावरून ओरडला, "बेबी येतंय का?" आम्ही नाही म्हणालो, तरी त्यानं टाळ्या वाजवल्या.

"दादांना फोन करू?" मी विचारलं. मग थबकलो. "की हे पण खाजगी?"

"हे माझं आहे," कल्याणी डोळे पुसत म्हणाली. "माझं मी वाट्टेल त्याला सांगीन. दे इकडे फोन."

तिनं पहिला फोन श्यामलाला लावला. त्यानंतर दुसरा फोन कुणाला करायची गरजच पडली नाही.

ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुन्हा तोच हॉल. बाहेर सूर्य लख्ख. कल्याणीनं शब्द पाळला. शंभर माणसांची आमटी, भाजी, भात, कशातही मिठाचा कण नाही. प्रत्येक टेबलावर मिठाच्या वाट्या. आणि काय तो गोंधळ! "हे जेवण आहे का शिक्षा?" "अबे, आमटी आहे की गरम पाणी?" गणेशनं इतकं मीठ घातलं की नंतर ताट बदलून मागत होता. रमणकाका म्हणाले, "मला तर फरकच कळला नाही." त्यांची चव दहा वर्षांपूर्वीच गेली आहे, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं. खाजगी ठेवायचं काकांच्या स्वभावात नाही.

दादा मध्येच बसले होते, पाहुण्यासारखे कोपऱ्यात नाही. बाह्या वर. मिठाची वाटी आली तशी पुढे ढकलली. आणि मी पाहिलं, ते एकटे नव्हते. आणखी काही जणांनी वाटी तशीच पुढे सरकवली. एक तर असा होता ज्याच्याबद्दल मला स्वप्नातही वाटलं नसतं. गेल्या वर्षी माझ्यासोबत लोणच्याची बरणी संपवली होती त्यानं! मी कल्याणीकडे पाहिलं. ती भात वाढत होती, आणि तिचा चेहरा नेहमीसारखा कोरा होता. मी माझ्या ताटात बघून जेवलो.

किडनीचं काय झालं? हॉस्पिटलवाले प्रत्येकाला वेगवेगळं बोलावून तपासत होते. कोणाची जुळते, कोणाची नाही, ते ज्याचं त्यालाच सांगायचं असा त्यांचा नियम. रमणकाकांना वयामुळे नको म्हटलं, ते त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. माझी जुळली नाही, ते मीच सांगून टाकलं. श्यामलाची तपासणी आदल्याच आठवड्यात झाली होती, आणि ती बाई तेव्हापासून गप्प होती. श्यामला, गप्प! डेअरीत गिऱ्हाईकं दूध घेऊन रिकाम्या कानांनी परत जात होती.

शेवटी गणेशला राहवलं नाही. सगळ्यांदेखत त्यानं विचारलं, "श्यामलाताई, तुझी टेस्ट झाली ना? जुळली का?"

सगळं टेबल थांबलं. दादा पण थांबले. श्यामलानं तोंड उघडलं. उत्तर तिच्या गळ्यापर्यंत आलेलं मला दिसत होतं. गाल फुगले, डोळे मोठे झाले, सगळी बाई त्या एका बातमीनं भरून गेली. मग तिनं चमचाभर अळणी भात उचलून तोंडात कोंबला.

"ते खाजगी आहे," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "तुला काहून पाहिजे?"

आधी दादा हसायला लागले, आणि मग सगळा हॉल. कल्याणीचा कोरा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा फुटताना पाहिला. भाताची परात तिनं कशीबशी टेबलावर टेकवली, आणि श्यामलाच्या खांद्यावर डोकं ठेवून ती पोट धरून हसत राहिली.